झाडाच्या पानाचा अर्क आणि हॉस्पिटलमधले जिवाणू: ठाणे-नवी मुंबईतल्या मायक्रोबायोलॉजीच्या मुलांसाठी प्रोजेक्ट कसा करायचा

दरवर्षी डिसेंबर-जानेवारी आला की टीवाय आणि एमएस्सीची मुलं विचारायला येतात, मॅडम कडुनिंबाच्या पानांचा अर्क काढून बॅक्टेरियावर टाकायचाय, किती दिवस लागतील. मी हे काम स्वतः एमएस्सीला केलंय, नंतर बऱ्याच बॅचेसचं करून घेतलंय, आणि दर वेळी तेच तेच सांगावं लागतं म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. लांब झालंय पण घाईघाईत वाचू नका, यातली एक गोष्ट सुटली की दोन महिने वाया जातात.

आधी मला हा विषय का जवळचा आहे ते सांगते. माझा मामा आयसीयूत व्हेंटिलेटरवर होता तेव्हा त्याच्या फुफ्फुसातल्या स्रावाचा कल्चर रिपोर्ट मी हातात घेतला होता, त्यात अॅसिनेटोबॅक्टर बॉमनी या जिवाणूचं नाव लिहिलं होतं आणि खाली अँटिबायोटिक्सची जी यादी असते तिच्यासमोर जवळपास सगळीकडे आर, आर, आर. आर म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला दाद न देणारा. शिकताना आपण ईस्केप हा हॉस्पिटलमधल्या हट्टी जिवाणूंच्या आद्याक्षरांचा शब्द पाठ करतो, एन्टेरोकॉकस, स्टॅफ ऑरियस, क्लेब्सिएला, अॅसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास, एन्टेरोबॅक्टर, पण तो कागद घरच्या माणसाचा असला की वेगळंच वाटतं. मामा बरा होऊन घरी आला. पण तेव्हापासून कुणी नवीन रेणू शोधायच्या कामाला लागलं की मला मनापासून बरं वाटतं, आणि म्हणूनच ते काम नीट व्हावं असंही वाटतं.

तर मुख्य मुद्दा पहिल्यांदाच सांगते. प्लेटवर झोन, म्हणजे अर्काभोवती जिवाणू न वाढलेली मोकळी गोल जागा, येणं अवघड नाहीये. अर्क पुरेसा दाट टाकला तर स्वयंपाकघरातल्या निम्म्या वस्तूंना झोन येईल. झोन कशामुळे आला, हे शोधणं हा खरा प्रोजेक्ट आहे, आणि खालच्या सगळ्या खटाटोपाचा अर्थ तेवढाच आहे.

झाड निवडण्यापासून सुरू करू. आपल्याकडे मुलं कडुनिंब, तुळस, हळद एवढ्यावरच थांबतात, त्यावर इतकं काम झालंय की नवीन काही सांगायला उरत नाही. अडुळसा घ्या, निर्गुडी घ्या, कुड्याची साल घ्या, पेरूची कोवळी पानं घ्या, आणि घेताना स्वतःला विचारा की या झाडाला हा रेणू कशाला लागतो. झाडाला पळता येत नाही, मातीतल्या बुरशी-जिवाणूंशी त्याला आयुष्यभर जागच्या जागी लढायचंय, म्हणून ते अल्कलॉइड, टॅनिन, फ्लेव्होनॉइड असलं काहीबाही पानात, सालीत, मुळात साठवून ठेवतं. दारुहळदीच्या कुळातल्या झाडांची गोष्ट मला फार आवडते. त्यांच्यात बर्बेरिन असतं, पण बर्बेरिन एकटं स्टॅफवर फार चालत नाही कारण स्टॅफ त्याच्या नॉर-ए नावाच्या पंपाने ते बाहेर फेकून देतो. २००० साली स्टर्मिट्झ आणि लुईस या शास्त्रज्ञांच्या गटाने दाखवलं की याच झाडांमध्ये दुसरा एक रेणू असतो जो तो पंपच अडवतो. म्हणजे झाड दोन रेणू जोडीने वापरतं. आता तुम्ही अर्काचे भाग वेगवेगळे केले आणि प्रत्येकाची अॅक्टिव्हिटी गेली तर लगेच निराश होऊ नका, ते भाग परत एकत्र करून बघा, कदाचित जोडीनेच चालत असतील.

झाडाची ओळख हा भाग मुलं सर्वात हलक्यात घेतात. आपल्या सोसायट्यांच्या कंपाउंडला जी उंच सरळसोट झाडं असतात ना, खाली झुकलेल्या लांब पानांची, त्यांना सगळे अशोक म्हणतात. ते पॉलिअॅल्थिया लाँजिफोलिया. औषधातला अशोक म्हणजे सीता अशोक, सराका असोका, तो वेगळ्याच कुळातला, नारिंगी फुलांच्या गुच्छांचा. मी स्वतः असा रिपोर्ट तपासलाय ज्यात झाडाचा फोटो पॉलिअॅल्थियाचा आणि वर नाव सराकाचं, पूर्ण वर्षाचं काम होतं ते. तसंच जांभळी नाक्याला नाहीतर कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात दारुहळद मागितली तर हातात पडलेलं पिवळं लाकूड बर्बेरिसचंच (खऱ्या दारुहळदीचंच) असेल असं धरून चालू नका, कोसिनियम नावाच्या वेलीचं लाकूडसुद्धा त्याच नावाने विकलं जातं. म्हणून शक्यतो जिवंत झाडावरून फुलासकट फांदी घ्या, प्रेस करून हर्बेरियम शीट (कागदावर चिकटवलेला वाळवलेला नमुना) करा, बॉटनीच्या सरांना दाखवा, आणि पेपर छापायचा विचार असेल तर मुंबईला झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियममधून ओळख पक्की करून घेऊन नंबर घ्या. तो नंबर रिपोर्टमध्ये टाकला की कुणी शंका काढत नाही.

कुठून तोडायचं हेही सांगते कारण यात मुलं अडचणीत येतात. येऊरचं जंगल हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथून वनखात्याच्या परवानगीशिवाय एक पानही आणायचं नाही. खाडीच्या तिवरांचं तसंच. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ ला जाहीर झालं आणि २०२२ ला रामसर स्थळ झालं, आणि अभयारण्याच्या बाहेरची खारफुटीसुद्धा संरक्षित आहे, त्यामुळे ऐरोलीच्या पुलाखाली जाऊन चिप्पीची पानं तोडून आणू वगैरे डोक्यातून काढा. खारफुटीवरच काम करायचं असेल तर गाईडमार्फत वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे अर्ज करा, वेळ लागतो पण कायदेशीर होतं. बाकीच्यांसाठी कॉलेजची बाग, गावचं परसू, ओळखीच्याची नर्सरी, एवढं पुरतं. घोडबंदर रोडच्या कडेच्या झाडांची पानं घेऊ नका, त्यावर डांबर आणि डिझेलची काजळी एवढी असते की नक्की कशाची परीक्षा चाललीय कळणार नाही.

पानं जूनच्या आधी जमवा. पावसाळ्यात आपल्याकडे हवेत इतका ओलावा असतो की सावलीत वाळत घातलेली पानं चौथ्या दिवशी काळी पडतात आणि बुरशी धरते. माझी पहिली अडुळशाची बॅच जुलैत अशीच गेली, वरून ठीक दिसत होती, आतून पांढरी. बुरशी स्वतःच अँटिबायोटिक बनवू शकते, हे फ्लेमिंगने १९२८ ला बघितलेलंच आहे, म्हणजे तुमचा झोन अडुळशाचा की बुरशीचा हा घोळ होतो. पावसाळ्यातच करायचं असेल तर ओव्हनमध्ये ४० अंशाला ठेवा, जास्त नको. पानं आधी नळाखाली नीट धुवा, मग डिस्टिल्ड वॉटरने, वाळली की मिक्सरला बारीक करून हवाबंद बरणीत, बरणीवर तारीख आणि जागा.

अर्क काढायला सोपी पद्धत म्हणजे १० ग्रॅम पावडर आणि १०० मिली मेथॅनॉल, झाकण लावून २४ ते ४८ तास शेकरवर, मग व्हाटमन नंबर १ फिल्टर पेपरमधून गाळायचं, उरलेल्या चोथ्यात परत मेथॅनॉल घालून अजून एकदा. मग रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणारं यंत्र) ४० अंशाच्या आसपास मेथॅनॉल उडवायचं. आपल्या बऱ्याच कॉलेजांत रोटाव्हॅप नसतो, तेव्हा पेट्रीडिशमध्ये ओतून फ्यूमहूडमध्ये ठेवा, दोन दिवस लागतात लागू दे. मेथॅनॉल बर्नरवर किंवा गॅसवर कधीही तापवायचं नाही, भडका उडतो आणि वाफ डोळ्यांना अपायकारक असते, याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. सुकलेल्या अर्काचं वजन करा आणि यील्ड काढा, १० ग्रॅममधून किती मिळाला ते टक्क्यात.

उष्णतेबद्दल थोडं थांबून सांगते कारण मुलं म्हणतात की आजी तर काढा उकळूनच देते. चीनच्या शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाला मलेरियावर असाच अनुभव आला होता, आर्टेमिसिया नावाच्या वनस्पतीच्या अर्काचे निकाल नीट जुळत नव्हते, मग त्यांनी जुन्या चिनी वैद्यकातला उल्लेख परत वाचला, तिथे वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्या असं होतं, उकळा असं नव्हतं. मग त्यांनी १९७१ ला कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला आणि तो चालला, त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं, २०१५ ला नोबेल. म्हणून तुम्ही एकाच पानाचे दोन अर्क करा, एक थंड मेथॅनॉलचा आणि एक घरच्यासारखा उकळलेला पाण्याचा, आणि दोघांची तुलना करा. ही तुलनाच चांगला छोटा प्रोजेक्ट होऊ शकते.

आता जिवाणू. इथे मी जरा कडक बोलणारे. कुणाचा भाऊ पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, कुणाची मावशी हॉस्पिटलात सिस्टर आहे, त्यांच्याकडून एक एमआरएसएची (औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफची) स्लँट, म्हणजे ट्यूबमध्ये वाढवलेले जिवाणू, आणून देते मॅडम, असं दरवर्षी कुणीतरी म्हणतं. आणायची नाही. पेशंटचा आयसोलेट (पेशंटकडून मिळालेला जिवाणू) वापरायला संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, बीएसएल-२ (जैवसुरक्षेची दुसरी पातळी) दर्जाची लॅब लागते, आणि तुमच्या बॅगेतून ठाणे स्टेशनच्या गर्दीतून ती ट्यूब येणं हे कुठल्याच हिशोबात बसत नाही. स्टँडर्ड स्ट्रेन, म्हणजे संग्रहातून मिळणारे ओळख पक्की असलेले जिवाणू, वापरा. स्टॅफ ऑरियस एटीसीसी (अमेरिकेतला जिवाणूंचा संग्रह) २५९२३, ई. कोलाय २५९२२, स्यूडोमोनास २७८५३, ही तीन धरली तर ग्राम पॉझिटिव्ह, ग्राम निगेटिव्ह आणि एक हट्टी ग्राम निगेटिव्ह असं सगळं येतं. त्यांच्याच तोडीचे स्ट्रेन पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या जिवाणू-संग्रहांकडून कॉलेजच्या लेटरहेडवर मागवता येतात, यायला वेळ लागतो म्हणून प्रोजेक्ट ठरल्या दिवशी पत्र टाका. स्टँडर्ड स्ट्रेनसुद्धा रोग करू शकतात हे विसरू नका, ग्लोव्हज, एप्रन, बांधलेले केस, आणि तोंडाने पिपेट करणं आता कुठेच चालत नाही.

आणि मनाची तयारी ठेवा की स्टॅफवर झोन येईल आणि ई. कोलाय-स्यूडोमोनासवर काहीच दिसणार नाही. ग्राम निगेटिव्हला बाहेरून एक जास्तीचं आवरण असतं, वर पंप असतात, वनस्पतीचे बहुतेक रेणू आतच जात नाहीत. हा तुमचा अपयशी निकाल नाहीये. तसाच्या तसा लिहा.

प्लेटचं काम आता पटपट सांगते, हे प्रॅक्टिकलमध्ये झालेलंच असतं. म्युलर-हिंटन अगार, म्हणजे जिवाणू वाढवायचं माध्यम, तो आपल्याला जवळच आहे, वागळे इस्टेटमधल्या हायमीडियाचा मिळतो. पीएच ७.२ ते ७.४, प्लेटमध्ये जाडी ४ मिमी, जाडी कमीजास्त झाली की झोन कमीजास्त होतो त्यामुळे सपाट टेबलावर मोजून ओता. कल्चर सलाईनमध्ये घेऊन ०.५ मॅकफार्लंडशी, म्हणजे ठरलेल्या गढूळपणाच्या द्रावणाशी, जुळवा, स्टँडर्ड विकत नसेल तर १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.०५ मिली आणि १ टक्का सल्फ्युरिक अॅसिड ९.९५ मिली, नीट हलवून. म्हणजे मिलीला साधारण १.५ गुणिले १० चा ८ वा घात एवढ्या पेशी. पंधरा मिनिटांच्या आत स्वॉबने तीन दिशांना लॉन करा (जिवाणू सगळीकडे सारखे पसरवा), ८ मिमीच्या कॉर्क बोररने वेल (गोल खड्डे) पाडा, एका प्लेटला चारच, प्रत्येकात १०० मायक्रोलिटर, अर्धा तास तसंच राहू द्या मग ३५ ते ३७ अंशाला १६ ते १८ तास. व्हर्नियरने मोजा आणि वेलचा व्यास धरून मोजलाय का वगळून ते लिहा, हे न लिहिल्यामुळे दोन रिपोर्टची तुलनाच करता येत नाही.

कंट्रोल्स, म्हणजे निकाल खरा आहे का हे पडताळायला सोबत ठेवायच्या तुलना. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे.

अर्क ज्यात विरघळवलाय, बहुधा डीएमएसओ नावाचं द्रावक, तेच आणि तितकंच एका वेलमध्ये एकटं टाका. त्याला झोन आला तर डीएमएसओचं प्रमाण कमी करून पुन्हा. दुसरं, जेंटामायसिनची १० मायक्रोग्रॅमची डिस्क, ई. कोलाय २५९२२ वर तिचा झोन १९ ते २६ मिमी यायला हवा, नाही आला तर त्या दिवसाची सगळी प्लेट बाद, मग अर्काचा निकाल कितीही छान असू दे. तिसरं, अर्क स्वतः निर्जंतुक आहे का. पानाच्या पावडरीत बॅसिलसचे स्पोअर असतात, पाण्याच्या अर्कात ते जिवंत राहतात आणि वेलभोवती स्वतःच वाढून झोन देऊ शकतात, म्हणून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा आणि थोडा अर्क साध्या न्यूट्रियंट अगारवर टाकून एक दिवस बघा काही उगवतंय का.

आणि चौथं पीएच. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एमएस्सीला मी कोकमाच्या सालीचा पाण्यातला अर्क केला होता, स्टॅफवर इतका स्वच्छ, गोल झोन आला की मी फोटो काढून घरी पाठवला, आईने शेजारच्या काकूंना दाखवला. पुढचे सात आठवडे मी त्यातले फ्रॅक्शन (अर्काचे वेगवेगळे भाग) करत बसले. मग एके दिवशी एका सिनियर ताईने पीएच पट्टी बुडवायला सांगितली, पट्टी लालभडक झाली. सोडियम हायड्रॉक्साइडने ७ ला आणून परत टाकला, झोन गायब. कोकमात आम्ल असतं हे सोलकढी पिणाऱ्या कुणालाही माहीत आहे, मलाही माहीत होतं, पण प्लेटसमोर आठवलं नाही. त्यामुळे कोकम, आवळा, चिंच, लिंबू, जास्वंदीची पानं, काहीही घ्या, पहिल्याच दिवशी पीएच बघा आणि ७ ला आणलेला अर्क वेगळा टाका.

अजून एक तुलना जी रिपोर्टमध्ये सर्रास दिसते, अर्काचा झोन १८, जेंटामायसिनचा २२, म्हणजे अर्क जवळजवळ तितकाच चांगला. जरा हिशोब करा. तुमचा अर्क मिलीला १०० मिलिग्रॅम, वेलमध्ये १०० मायक्रोलिटर, म्हणजे १० मिलिग्रॅम. डिस्कवर १० मायक्रोग्रॅम. एक हजार पट जास्त टाकून तुम्ही जवळ पोचलात. शिवाय झोन हा रेणू अगारमधून किती पसरतो यावरही ठरतो, तेलकट किंवा मोठे रेणू वेलजवळच अडकून बसतात, खरे जोरदार असले तरी झोन छोटा. म्हणून दोन झाडांचे झोन शेजारी ठेवून हे भारी ते हलकं असं म्हणता येत नाही.

त्यासाठी एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारं अर्काचं सर्वात कमी प्रमाण, काढा. ९६ वेलची प्लेट, म्युलर-हिंटन ब्रॉथ, अर्काची मिलीला १०० मिलिग्रॅमची डीएमएसओमधली स्टॉक ब्रॉथमध्ये घालून मिलीला २०४८ मायक्रोग्रॅम करा, तिथून प्रत्येक वेलला निम्मं निम्मं करत जा, प्रत्येकात १०० मायक्रोलिटर राहिलं पाहिजे. मॅकफार्लंडचं सस्पेन्शन ब्रॉथमध्ये १५० पट पातळ करून प्रत्येकात १०० घाला, म्हणजे शेवटी पेशी मिलीला ५ गुणिले १० चा ५ वा घात होतात, पहिल्या वेलमध्ये अर्क १०२४ आणि डीएमएसओ साधारण १ टक्का. हिरव्या-तपकिरी अर्कात गढूळपणा डोळ्यांना दिसत नाही तेव्हा रेझाझुरिन हा रंग टाका, निळा राहिला तर वाढ नाही, गुलाबी झाला तर वाढ आहे. पण वनस्पतीतले फिनॉल कधीकधी जिवाणू नसतानाही रेझाझुरिनचा रंग बदलतात, म्हणून अर्क आणि रंग, जिवाणूशिवाय, अशी एक रांग ठेवायचीच. या विषयातले जाणकार सांगतात की कच्च्या अर्काची एमआयसी मिलीला १००० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर त्याला फार महत्त्व देऊ नका, १०० च्या खाली आली तर मात्र पुढे काम करण्यासारखं आहे. जिथे वाढ नाही त्या वेलमधलं थोडं साध्या अगारवर टाकून बघा, पेशी मेल्यात का नुसत्या थांबल्यात ते कळेल.

एकाच दिवशी तीन प्लेट केल्या म्हणजे तीनदा प्रयोग झाला असं नसतं. तीन वेगळ्या दिवशी, नवीन कल्चर, नवीन मॅकफार्लंड. आणि मोजताना प्लेटवर मैत्रिणीकडून कोड नंबर घालून घ्या, कुठला वेल अर्काचा ते मोजणाऱ्याला कळू नये, कारण मनात आशा असली की व्हर्नियर एक मिमी सरकतोच.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं त्याबद्दल एवढंच की "हॉस्पिटलमधल्या संसर्गावर प्रभावी औषध" असं शीर्षक देऊ नका. तुम्ही प्लेटवरच्या एका स्टँडर्ड स्ट्रेनवर एक कच्चा अर्क बघितलाय, माणसाच्या रक्तात तो किती पोचेल, किडनीला काय करेल, कॅथेटरवर जिवाणूंचा थर धरून बसलेला असतो त्याच्यात शिरेल का, यातलं काही तपासलेलं नाही. हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण असं शीर्षक असलेलं एक पोस्टर बघून कॉलेजच्या प्रदर्शनात एक गृहस्थ मला विचारत होते की बायकोच्या ऑपरेशनच्या जखमेवर पाल्याचा रस लावू का. मी त्यांना आधी डॉक्टरांना जखम दाखवायला सांगितलं, अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करायला सांगितलं. नंतर त्या पोस्टरवरची ओळ आम्ही कागद चिकटवून झाकली.

शेवटी प्लेट्स. वाचून झाल्या की झाकण उघडून फोटो काढत बसू नका, बंद प्लेटचाच काढा. टिप्स आणि पातळ कल्चर हायपोक्लोराइटमध्ये, प्लेट्स ऑटोक्लेव्हच्या पिशवीत, मीडिया करताना १२१ अंशाला १५ मिनिटं पुरतात पण कचऱ्याला पूर्ण एक तास द्या, आणि मग पिवळ्या पिशवीतून बायोमेडिकल वेस्टच्या गाडीला, २०१६ च्या नियमाप्रमाणे. सुट्टीच्या आदल्या दिवशी प्लेट्स इनक्युबेटरमध्ये ठेवून गावी जाऊ नका, सोमवारी लॅबच्या मावशींना तो वास आणि ते काम पडतं.

ज्यांना यावर्षी सुरू करायचंय त्यांनी झाडाचं नाव, कुठून घेणार, आणि कुठले चार कंट्रोल ठेवणार एवढं एका पानावर लिहून आणा, मग बसून बघू.